मूनवॉच : जुनं १८६१ आणि नवं ३८६१, आठ दिवस दोन्ही हातांवर

संत्राबाग_वरूड · रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी.

गेल्या आठवड्यात घरी लग्न होतं. मावसभाऊ दुबईहून आला. हळदीच्या दिवशी त्याने हातातलं घड्याळ काढून माझ्याकडे ठेवायला दिलं, तेल-हळद लागू नये म्हणून. पाहतो तर ओमेगा स्पीडमास्टर, तेही २०२१ मध्ये बदलून आलेलं, ३८६१ मशीनचं. मी म्हटलं, तू परत जाईपर्यंत राहू दे माझ्याकडे. तो लगेच हो म्हणाला.

माझ्याकडे याच घड्याळाची आधीची आवृत्ती आहे, १८६१ मशीनची. २०१३ साली संत्र्याचा मृग बहार साधला होता, भावही बरा मिळाला, त्या पैशातून वापरलेलं घेतलं. तेव्हापासून रोज हातावर आहे. बागेत, मंडीत, दवाखान्यात, सगळीकडे. म्हणून आठ दिवस डाव्या हातावर जुनं आणि उजव्या हातावर नवं घालून फिरलो. लग्नघरात दोन घड्याळं पाहून प्रत्येकाने कारण विचारलं आणि मी प्रत्येकाला सविस्तर सांगितलं.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. हे घड्याळ १९५७ चं. मुळात मोटार शर्यतींसाठी. १ मार्च १९६५ रोजी नासाने ते अंतराळवीरांसाठी मंजूर केलं. त्याआधीच्या चाचण्यांत घड्याळ ४८ तास ७१ अंशांत आणि मग अर्धा तास ९३ अंशांत ठेवलं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ ला टेकतो आणि टपऱ्या दुपारी बंद होतात, त्यावरून ७१ म्हणजे काय याचा अंदाज करा. चंद्रावर गेलं ते १९६९ ला. तेव्हापासून आजपर्यंत रोज चावी द्यावी लागते. ऑटोमॅटिक नाही, तारीख नाही.

आता फरक.

डायल. नव्याची कड एक पायरी खाली उतरते. जुन्या काळच्या मॉडेलांना अशी पायरी होती. बाहेरच्या काळ्या कड्यावर, टॅकिमीटरच्या, म्हणजे वेग मोजायच्या आकड्यांत, ९० चा ठिपका आकड्याच्या बाजूला नसून डोक्यावर आहे. हा ठिपका संग्राहकांना इतका प्रिय का, हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. दोन्ही घड्याळं शेजारी ठेवल्यावर कळलं. डोळा आपोआप तिथे जातो आणि घड्याळ जुनं वाटतं, चांगल्या अर्थाने. रूप अपोलो ११ च्या वेळच्या १०५.०१२ वरून घेतलंय.

चेन. इथे नव्याने जुन्याला पार मागे टाकलंय. घड्याळाजवळ २० मिलिमीटर आणि कडीपाशी १५. निमुळती होत जाते, म्हणून घड्याळ मनगटावर हलकं बसतं. माझी जुनी चेन त्याच्यापुढे बैलाच्या गळ्यातल्या साखळीसारखी वाटायला लागली. एकच उणीव, कडीत बोटाने सैल-घट्ट करायची सोय दिलेली नाही. पिन टोच्याने काढून दुसऱ्या छिद्रात घालावी लागते. उन्हाळ्यात दुपारी तीनला आपलं मनगट सकाळपेक्षा फुगलेलं असतं. युरोपात बसून हे कदाचित लक्षात येत नसेल.

काच. दोन्हींची हेसलाईट, म्हणजे जाड प्लॅस्टिकचीच. नव्यात नीलमणी काचेचाही पर्याय आहे, पाठीमागून मशीन दिसणारा. हेसलाईटच्या मधोमध ओमेगाचं अगदी बारीक चिन्ह कोरलेलं असतं, भिंगातून दिसतं. ही काच फुटून तुकडे उडत नाहीत, म्हणून ती अंतराळात गेली. तूर काढताना थ्रेशरजवळ उभा राहिलो की माझ्या काचेवर ओरखडे येतात. दहा मिनिटं पॉलिश घासलं की जातात. मी पुन्हा हेसलाईटच घेईन.

चाल. माझं रोज सात सेकंद पुढे जातं. नवं आठ दिवसांत एकूण सोळा सेकंद पुढे गेलं. चावी बाहेर ओढली की नव्यात सेकंद काटा थांबतो, त्यामुळे वेळ सेकंदावर लावता येते. जुन्यात थांबत नाही. एकदा पूर्ण चावी दिली की नवं ५० तास चालतं, जुनं ४८.

मी क्रोनोग्राफ, म्हणजे बटणाने चालू-बंद होणारं आतलं वेळमापक, कशाला वापरतो, तेही सांगतो. ठिबकची मोटर. रात्रपाळीची लाईन किती वेळ टिकली, हे सहाच्या जागेवरच्या बारा तासांच्या छोट्या डायलवर दिसतं. मोटर चालू झाली की बटण दाबतो आणि झोपतो, ती बंद पडली की पुन्हा दाबतो. सकाळी काटे पाहून कळतं की पाच तास दहा मिनिटं लाईन होती की साडेसहा. विहिरीला पाणी कमी झालं की दोनशे लिटरचा ड्रम भरायला किती सेकंद लागतात ते मोजतो. पन्नास सेकंद म्हणजे सेकंदाला चार लिटर. गेल्या एप्रिलमध्ये तोच ड्रम नव्वद सेकंदांवर गेला, तेव्हा मी झाडांच्या पाळ्या बदलल्या.

माझं मत असं झालं आहे. घड्याळ बाहेरून साठ वर्षं मागे गेलं आणि आतून बरंच पुढे. बाहेरचं मला मनापासून आवडलं. आतलं चांगलं आहे हे कळतं, पण ते आपल्या माणसांच्या हातात राहिलं का, याची काळजी वाटते. तुमचं काय मत?

सरकी · रविवार, रात्री १०.०२

वरूडवाले भाऊ, लय बारकाईनं लिहिलं. मोटरचा हिशोब तर मले लयच पटला.

घड्याय मस्त आहे, नाई म्हनत नाई. पन मी हिंगणघाटकडचा कास्तकार आहो, म्हनून एक हिशोब मांडतो. २०२१ ले हे घड्याय ६,३०० डॉलरले निघालं. कर धरला नाई तरी साडेचार लाखाच्या वर. त्या सालचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६,०२५ रुपये क्विंटल होता. म्हंजे पंच्याहत्तर क्विंटल कापूस. माह्या कोरडवाहू वावरातला नऊ-दहा एकराचा एका सालचा सारा माल.

हा हिशोब मी भांडायले नाई मांडला. ज्याले घेनं होते त्यानं घ्यावं, सुखानं घालावं. माह्याजोळ एचएमटीच्या सतरा घड्याया आहेत, पैली माह्या आबाजीची जनता. आबाजी देवपूजेच्या आधी चावी देत. बाबाही तेच करत. आता मी करतो. मधात ती तीनदा बिघडली, तीनही डाव तालुक्यात दुरुस्त झाली.

मले समजून घ्याचं आहे ते हे, का पंच्याहत्तर क्विंटल कापूस देऊन घेतलेलं घड्याय माह्या लेकराले पन्नास सालानं कोनी दुरुस्त करून देईन का? कोनी जानकारानं सांगावं जी.

भिंग_आणि_चिमटा · सोमवार, दुपारी २.३५

सरकीभाऊंचा प्रश्न थेट माझ्या धंद्याचा आहे, म्हणून दुपारी गिऱ्हाईक कमी असताना लिहायला बसलो.

आमचं दुकान बुलढाणा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. आजोबांनी सुरू केलं, मी तिसरा. आता येणाऱ्या दहा घड्याळांत आठ सेलची असतात. पण चावीची आली की मी बाकी काम बाजूला ठेवतो.

आधी मशीनची वंशावळ सांगतो. पहिल्या स्पीडमास्टरमध्ये ३२१ होतं. ते लेमानिया कारखान्याच्या १९४० च्या दशकातल्या मशीनवर बेतलेलं. त्यात कॉलम व्हील, म्हणजे किल्ल्याच्या बुरुजासारखे खांब असलेलं छोटं चाक. बटण दाबलं की चाक एक घर फिरतं आणि दांडे त्या खांबांवर चढतात नाहीतर मधल्या खाचेत पडतात. करायला कठीण, पाहायला देखणं. १९६८ ला ८६१ आलं. कॉलम व्हीलच्या जागी कॅम, म्हणजे साधा कापलेला पत्रा. चाल तासाला १८,००० ठोक्यांवरून २१,६०० वर गेली. १८६१ म्हणजे तेच ८६१, ऱ्होडियमचा पांढरा मुलामा देऊन.

तेव्हाही संग्राहक नाराज झाले होते. कॉलम व्हील गेलं, घड्याळ स्वस्त केलं, असं आजही म्हणतात. मी हातात टोच्या घेऊन बसणारा माणूस आहे, म्हणून माझं मत वेगळं आहे. कॅमचं मशीन खेड्यातल्या कारागिरासाठी वरदान ठरलं. बिघडलं कुठे ते डोळ्यांना दिसतं. १८६१ च्या क्रोनोग्राफमध्ये एक ब्रेक डेलरिन नावाच्या प्लॅस्टिकचा आहे. लोक त्याला हसतात. माझ्या वडिलांनीही पहिल्यांदा पाहून मान हलवली होती. पण ते प्लॅस्टिक मऊ असतं, चाकाची धार खात नाही, तेल मागत नाही. चांगली युक्ती आहे.

आता ३८६१. क्रोनोग्राफची बाजू मला ओळखीची आहे. कॅम तोच, दांड्यांची मांडणी त्याच घराण्याची, क्लच आडवाच, म्हणजे बटण दाबलं की एक चाक बाजूने येऊन दुसऱ्याला भिडतं. म्हणून बटण दाबल्यावर मोठा सेकंद काटा कधी कधी जरासा उडी मारून निघतो. तो दोष नाही, दाते दातांत अडकताना तसं होतं.

पण घड्याळाचं काळीज बदललंय. एस्केपमेंट, म्हणजे चावीची ताकद ठोक्याठोक्याने सोडणारा भाग, को-ॲक्सियल आहे. ही जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज कारागिराची कल्पना, ओमेगाने १९९९ पासून घड्याळांत घातली. जुन्या पद्धतीत दात माणकाच्या खड्यावर घासत सरकतो, इथे बहुतेक ढकलतो. घासणं कमी, म्हणून तेल जास्त टिकतं. हेअरस्प्रिंग, म्हणजे चाल ठरवणारी केसासारखी बारीक वेटोळी, सिलिकॉनची. ती ज्या झुलत्या चाकाला असते त्या बॅलन्सला फास्ट-स्लोची दांडी नाही, चाकावरचे बारीक स्क्रू फिरवून चाल लावायची.

जुनी हेअरस्प्रिंग वाकडी झाली तर मी चिमट्याने दोन तास बसून सरळ करतो. हे काम मला वडिलांनी वर्षभर खराब स्प्रिंगांवर करायला लावलं, मगच गिऱ्हाइकाच्या घड्याळाला हात लावू दिला. सिलिकॉन सरळ करता येत नाही, कारण ती वाकतच नाही. प्रमाणाबाहेर ताणली की तुटते. तुटली की नवी लागते, आणि नवी माझ्यापर्यंत पोचत नाही.

म्हणून सरकीभाऊ, खरं उत्तर हे आहे. वरूडच्या दादांचं १८६१ मी दुरुस्त करीन, माझा मुलगाही करील, जर तो या धंद्यात राहिला तर. त्यांच्या मावसभावाचं घड्याळ माझ्याकडे आलं तर मी हात न लावता परत देईन आणि कंपनीच्या केंद्राकडे पाठवा म्हणून सांगीन.

नवशिका_दारव्हा · सोमवार, सायंकाळी ६.२०

मी कॉलेजला आहे. २०२२ ला आलेल्या, याच घड्याळासारख्या दिसणाऱ्या मूनस्वॉचमुळे हा नाद लागला, ते मामाने आणून दिलं. सेलचं आहे हे मला माहीत आहे.

दोन प्रश्न. डायलच्या कडेच्या बारीक रेघा नव्यात बदलल्या आहेत असं वाचलं, ते का? आणि टॅकिमीटर कसा वापरायचा ते कोणी नीट सांगेल का?

शकुंतला_पॅसेंजर · सोमवार, रात्री ८.४५

दारव्ह्याच्या पोरानं विचारलं आणि मला राहवलं नाही. तुझ्या गावावरूनच आमची शकुंतला रेल्वे जायची, यवतमाळ ते मूर्तिजापूर.

आधी रेघा. यात हिशोब आहे आणि तो मला फार सुंदर वाटतो. ३२१ तासाला १८,००० ठोके देत होतं. म्हणजे सेकंदाला ५. डायलवर एका सेकंदाचे पाच भाग. काटा थांबेल तिथे बरोबर रेघ. मग १९६८ ला मशीन बदललं, २१,६०० ठोके, सेकंदाला ६. डायल मात्र पाच भागांचंच चालू राहिलं. म्हणजे काटा सहाव्या हिश्श्यांत चालतो आणि पट्टी पाचव्या हिश्श्यांची. काटा रेघेच्या मध्येच कुठेतरी उभा राहतो. नव्या ३८६१ ची चाल २१,६०० च आहे, पण डायलवर सेकंदाचे तीन भाग केले. सहाला तीनने भाग जातो. काटा आता एकतर रेघेवर उभा राहतो, नाहीतर बरोबर दोन रेघांच्या मध्यावर. अर्धशतकानंतर मशीन आणि पट्टी पुन्हा एका मापावर आली. दुकानदार ठिपक्याबद्दल बोलतात. माझ्या मते या नव्या आवृत्तीतली सगळ्यात प्रामाणिक दुरुस्ती ही रेघांची आहे.

आता टॅकिमीटर. एका किलोमीटरच्या दगडापाशी बटण दाब, पुढच्या दगडापाशी थांबव. काटा बाहेरच्या कड्यावर जो आकडा दाखवेल तो ताशी वेग. ४५ सेकंद लागले तर ८०. ४० सेकंद लागले तर ९०, तोच ठिपकेवाला. हिशोब इतकाच की ३,६०० भागिले सेकंद. पण कडं ६० वर संपतं, कारण काट्याचा एक फेरा म्हणजे ६० सेकंद. त्याहून हळू चाललास तर कड्यावर वाचता येत नाही.

शकुंतलेत मी हा प्रयोग केला आहे. दगड ते दगड जवळपास तीन मिनिटं. म्हणजे ताशी वीस. कड्याचा उपयोग नव्हता, मिनिटांची छोटी डायल पाहून भागाकार करावा लागे. दारातली माणसं विचारत, काय पाहता? मी सांगे, गाडीचा वेग. ते म्हणत, तो तर बाहेर पाहूनही कळतो. त्या गाडीचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं आणि १९९४ पर्यंत चाललं. सत्तर वर्षांहून जास्त, आमच्या इकडच्या फिटरांच्या हातावर. भिंग-चिमटावाल्या दादांचं वाचताना मला तेच आठवत होतं.

पंपमोटर_वर्धा · सोमवार, रात्री १०.३०

भिंग-चिमटा दादांबद्दल पूर्ण आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो. मी वायुदलात तंत्रज्ञ होतो, निवृत्तीनंतर गावी येऊन मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं.

माझं चावीचं घड्याळ दुकान उघडल्यापासून वर्षात दोनदा बिनसलं. दिवसाला दहा-दहा मिनिटं पुढे. कारण चुंबक. हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटायला लागतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ धावत सुटतं. माझ्या टेबलावर दिवसभर मोटरी आणि स्पीकरची चुंबकं असतात. हे फक्त माझं नाही. जिनिंगमध्ये काम करणारा, पिठाची गिरणी चालवणारा, ट्रॅक्टरमध्ये साउंड लावणारा, खिशात मोबाईल ठेवणारा, सगळ्यांच्या हाताजवळ आज चुंबक आहे. १९६५ मध्ये इतका नव्हता.

३८६१ हे १५,००० गॉस सोसतं, गॉस म्हणजे चुंबकाच्या जोराचं माप. साध्या चुंबकरोधक घड्याळाचं आंतरराष्ट्रीय मानक मीटरला ४,८०० अँपियर, म्हणजे साठ गॉसच्या आसपास. साठ कुठे आणि पंधरा हजार कुठे. आणि हे कंपनी नुसतं म्हणत नाही, मेटास ही स्विस सरकारची मापनसंस्था आहे, तिच्या चाचण्यांतून घड्याळ जातं. दिवसाला शून्य ते अधिक पाच सेकंद, मागे पडायचंच नाही.

सिलिकॉन दुरुस्त होत नाही हे खरं. पण जी स्प्रिंग चुंबकाने बिघडतच नाही, जिला गंज नाही, तिची दुरुस्ती किती वेळा लागणार? अपोलो १३ च्या वेळी, एप्रिल १९७० मध्ये, यानातली बहुतेक यंत्रणा बंद ठेवलेली असताना १४ सेकंदांचा इंजिनाचा झटका याच घड्याळावर मोजला. त्या क्षणी महत्त्व एकाच गोष्टीला होतं, घड्याळ बरोबर चाललं पाहिजे.

भिंग_आणि_चिमटा · मंगळवार, सकाळी ७.५०

वर्ध्याचे दादा, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. माझ्याकडे 'घड्याळ फास्ट पळतं' म्हणून येणाऱ्या चावीच्या घड्याळांत चुंबक लागलेली बरीच असतात. होकायंत्र जवळ धरलं की सुई हलते. डीमॅग्नेटायझरवर धरलं की पाच सेकंदांत बरं होतं, आणि मी त्याचे पैसेही घेत नाही. म्हणजे रोग मोठा वाटला तरी औषध माझ्या टेबलावर आहे.

'बिघडणारच नाही' हे मात्र मी कुठल्याच यंत्राबद्दल म्हणत नाही. घड्याळ बैलगाडीवरून फरशीवर पडतं. विहिरीत पडतं. पोराने उघडून पाहिलेलं असतं. १५,००० गॉसचा त्याला उपयोग नाही.

माझी रोजीरोटी जाते म्हणून बोलत नाही. माझ्याकडे वर्षाला अशी दोन-तीन घड्याळं आली तर खूप. पण आजोबांनी ज्या घड्याळाला तेल दिलं, त्याच घड्याळाचं झाकण मी उघडतो तेव्हा आत त्यांनी कोरलेली तारीख सापडते. आमच्याकडे प्रत्येक कारागीर सर्व्हिसिंगची खूण झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक कोरतो. वेस्ट एंड कंपनीच्या एका घड्याळाच्या झाकणात मला आजोबांची १९५८ ची, वडिलांची १९७९ ची खूण मिळाली. खाली माझी टाकली. मी हे गमावलं जाताना पाहतो आहे, म्हणून लिहिलं.

डॉक्टर_मेळघाट · मंगळवार, रात्री ११.१५

धागा दोन दिवस वाचते आहे. ड्युटी संपली, म्हणून आता लिहिते.

मी मेळघाटात प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. माझ्याकडे स्पीडमास्टर नाही. सी-गल १९६३ आहे, ३८ मिलिमीटरचं. त्याचं एसटी१९ मशीन स्विस व्हीनस १७५ वर बेतलेलं आहे, चीनने १९६१ मध्ये त्याची यंत्रसामग्री घेतली. भिंग-चिमटा काकांनी वर्णन केलेलं कॉलम व्हील त्यात आहे आणि पाठीमागून दिसतं. ते फिरताना पाहणं हा माझा दिवसातला एक आनंद आहे.

क्रोनोग्राफ मी श्वास मोजायला वापरते. बाळ खोकत येतं, आई सांगते छाती उडते आहे. न्यूमोनियाची शंका असेल तर श्वास पूर्ण एक मिनिट मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं असेल तर ५० किंवा जास्त, आणि वर्ष ते पाच वर्षं असेल तर ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चूकही चौपट होते, आणि बाळाचा श्वास एकसारखा नसतो. साध्या घड्याळात सेकंद काटा कुठून सुरू झाला ते लक्षात ठेवावं लागतं. क्रोनोग्राफमध्ये बाळ शांत झालं की बटण दाबायचं, डोळे छातीवर, काटा पुन्हा वर आला की थांबायचं.

म्हणून मी नव्या आवृत्तीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. काय बदललं नाही, ते मी आधी शोधलं. काळी डायल आणि पांढरा लांब काटा तसाच आहे. तारखेची खिडकी घातली नाही. आकडे गर्दी करत नाहीत. टॉर्चच्या उजेडात, बाळाच्या हालचालीत, एका नजरेत वाचता येईल असंच राहिलं. नवं करताना हात कुठे आवरायचा हे त्यांना कळलं, आणि याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

पंपमोटर काकांसाठी एक भर. नागपूरला एमआरआयची जी यंत्रं असतात त्यांत बहुतेकांचं चुंबकीय क्षेत्र दीड टेस्ला असतं. दीड टेस्ला म्हणजे बरोबर १५,००० गॉस. तरी कृपा करून कुठलंही घड्याळ घालून त्या खोलीत जाऊ नका. घड्याळ टिकलं तरी त्यातलं पोलाद खेचलं जाऊ शकतं.

आणि भिंग-चिमटा काका, मुलाला धंद्यात ठेवा. माझ्या सी-गलला सर्व्हिसिंग लागेल तेव्हा मी चिखलदऱ्याचा घाट उतरून तुमच्याकडे येणार आहे.

सरकी · बुधवार, सकाळी ६.४०

डॉक्टरताई, तुमचं वाचून मी सकायीच बायकोले वाचून दाखोलं. आमचं लहानगं दोन सालाचं असतानी असंच छाती उडत होती. तवा सिस्टरनं घड्यायीकडे पाहून श्वास मोजले होते, मी बाजूले उभा होतो. ते काय मोजून रायल्या ते आज समजलं.

मले उत्तर भेटलं. मी माह्या सतराच घड्याया ठेवीन. पन आता कोनी ते नवं घड्याय घालून भेटलं, तर मी पैले त्याले रेघा दाखवाले सांगीन, सेकंदाचे तीन भाग.

नवशिका_दारव्हा · बुधवार, सकाळी ९.०५

शकुंतला काका, काल दारव्हा ते यवतमाळ एसटीत मोजलं. ७२ सेकंद. कड्यावर वाचता आलं नाही, भागाकार केला. ताशी ५०.

शकुंतला_पॅसेंजर · बुधवार, सकाळी ९.३०

बरोबर. आता घाटात मोज आणि सांग.

संत्राबाग_वरूड · गुरुवार, रात्री ९.२५

मंडळी, काल मावसभाऊ नागपूरहून विमानाने गेला. जाण्याआधी घड्याळ परत दिलं. या धाग्यातलं त्याला वाचून दाखवलं. त्याला स्वतःला ९० च्या ठिपक्याबद्दल माहिती होती, रेघांबद्दल नव्हती. विमानतळाच्या रांगेत तो काच डोळ्याजवळ धरून रेघा मोजत होता. त्याने विचारलं, आपण बदलून घ्यायचं का, तुला नवं आवडलंय. मी नाही म्हटलं.

पंपमोटर दादांचं मला पटलं आहे. चुंबकाचा आणि अचूकतेचा प्रश्न त्या मशीनने खरोखर सोडवला, आणि माझ्या सात सेकंदांचं मी समर्थन करणार नाही. तरी माझं १८६१ गेली अकरा वर्षं मी उघडलेलं नाही. कुणी उघडेल का, जवळपास असा माणूस आहे का, हेच माहीत नव्हतं. भिंग-चिमटा दादा, पुढच्या आठवड्यात घेऊन येऊ का? पूर्ण सर्व्हिसिंग करायचं आहे. तीनच्या जागेवरचा मिनिटांचा काटा शून्यावर परत आला की हल्ली एक केस बाजूला थांबतो, तेही पाहा. आणि झाकणाच्या आत तुमची खूण हवी.

भिंग_आणि_चिमटा · गुरुवार, रात्री १०.१०

या. बाजाराच्या दिवशी नको, गर्दीत असं काम उघडून बसता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला या. येताना क्रोनोग्राफ बंद करून शून्यावर आणलेला ठेवा, चावी आदल्या रात्री देऊ नका, म्हणजे स्प्रिंग उतरलेली राहील. घड्याळ मोबाईलच्या खिशात ठेवू नका, कापडात गुंडाळून वेगळं आणा. मिनिटांचा काटा बहुतेक नुसता सरकला असेल, पण हृदयाच्या आकाराचा कॅम झिजला आहे का ते आधी पाहीन. तुम्ही समोर बसा, झाकण तुमच्यासमोर उघडतो. मुलालाही त्या दिवशी दुकानात थांबवतो.